पडद्याआडचा कान : प्रादेशिक ब्रास बँड स्पर्धेचे परीक्षण कसे करावे

ब्रिटनमधल्या प्रादेशिक ब्रास बँड स्पर्धेत एका विभागातले पंधरा-सोळा बँड एकामागून एक येतात आणि सगळे तीच एक रचना वाजवतात. ही रचना आधीच ठरवून दिलेली असते, तिला ‘टेस्ट पीस’ म्हणतात. परीक्षक कापडाने झाकलेल्या चौकटीत, म्हणजे ‘बॉक्स’मध्ये बसलेले असतात. रंगमंचावर कोण आले, कंडक्टर कोण, गणवेशाचा रंग कोणता, यातले त्यांना काही दिसत नाही. त्यांना फक्त क्रमांक कळतो, तोही सोडतीत निघालेला.

उत्तम बँड आणि कच्चा बँड यांतला फरक सभागृहात बसलेल्या कोणालाही कळतो. त्यासाठी परीक्षक लागत नाही. परीक्षक लागतो तो दुसरा कोण आणि तिसरा कोण हे ठरवायला, कारण प्रदेशातून साधारणपणे पहिले दोनच बँड राष्ट्रीय अंतिम फेरीला जातात. तो लागतो सातवा आणि आठवा वेगळे करायलाही. तेही तितकेच महत्त्वाचे, कारण या क्रमांकांची बेरीज वर्षानुवर्षे होत जाते आणि बँड वरच्या विभागात चढणार की खालच्या विभागात उतरणार हे त्यावरून ठरते. म्हणून परीक्षकाची खरी कसोटी एकच आहे : सकाळी दहा वाजता पहिल्या बँडला जो कान मिळाला, तोच दुपारी तीन वाजता शेवटच्या बँडला मिळाला पाहिजे. पुढची सगळी पद्धत त्यासाठी आहे.

समोर काय वाजते आहे

ग्रेट ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी देशाचे आठ प्रदेश केलेले आहेत आणि चॅम्पियनशिप, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे पाच विभाग आहेत. प्रादेशिक फेऱ्या वसंताच्या तोंडावर होतात. चॅम्पियनशिप विभागाची अंतिम फेरी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होते.

बँडची ठेवण ठरलेली असते आणि ती परीक्षकाला पाठ हवी. 1 सोप्रानो कॉर्नेट, 4 सोलो कॉर्नेट, 1 रेपियानो कॉर्नेट, 2 सेकंड आणि 2 थर्ड कॉर्नेट, 1 फ्ल्यूगलहॉर्न, 3 टेनर हॉर्न, 2 बॅरिटोन, 2 युफोनियम, 2 टेनर ट्रॉम्बोन, 1 बेस ट्रॉम्बोन, 2 ई फ्लॅट बेस आणि 2 बी फ्लॅट बेस. ही झाली 25 वाद्ये. शिवाय दोन-तीन तालवादक. सोलो कॉर्नेट सोडले तर बहुतेक खुर्च्यांवर एक किंवा दोनच माणसे असतात. म्हणून एखादा सेकंड बॅरिटोन डगमगला की कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळातला) एक स्वरच नाहीसा होतो. जिथे एका स्वरावर दहा जण असतात तिथे असे होत नाही.

स्कोअर हातात आल्यापासून

स्पर्धेच्या आधी किमान तीन-चार आठवडे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे भाग एकत्र लिहिलेली स्वरलिपी, मिळाला पाहिजे. मिळाला नसेल तर आयोजकांकडे मागा. आदल्या रात्री चाळलेल्या स्कोअरवर न्याय करता येत नाही.

पहिली अडचण वाचनाची. बेस ट्रॉम्बोन आणि तालवाद्ये वगळता सगळ्यांचे भाग ट्रेबल क्लेफमध्ये, बदललेल्या स्वरपट्टीत लिहिलेले असतात. बी फ्लॅट कॉर्नेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो. ई फ्लॅट सोप्रानो दीड स्वर वर वाजतो. टेनर हॉर्न मेजर सिक्स्थने (साडेचार स्वर) खाली, तर बॅरिटोन आणि युफोनियम एक सप्तक अधिक एक स्वर खाली. ई फ्लॅट बेस त्यांच्याही खाली आणि बी फ्लॅट बेस सगळ्यांत तळाला. कागदावर शेजारी दिसणारे दोन स्वर प्रत्यक्षात कुठे पडतात हे डोळ्यांना झटकन कळत नसेल, तर महत्त्वाच्या कॉर्ड पियानोवर वाजवून बघा आणि खऱ्या स्वरांची नावे पेन्सिलने वर लिहून ठेवा. आपण ऐकतो आहोत ती कॉर्ड मेजर आहे की तिच्यातला थर्ड (मूळ स्वरापासूनचा तिसरा) घसरला आहे, हा प्रश्न स्पर्धेच्या दिवशी पडता कामा नये.

दुसरे काम : रचना कोणाची परीक्षा घेते आहे ते शोधणे. राष्ट्रीय स्पर्धेत 1913 साली प्रथमच खास ब्रास बँडसाठी लिहिलेली रचना ठेवली गेली. त्याआधी ऑपेरांतल्या निवडक भागांच्या जुळणीवर काम भागवले जाई. खास लिहिलेल्या रचनेत संगीतकाराने मुद्दाम सापळे लावलेले असतात. इथे फ्ल्यूगलला उघड्यावर आणले आहे, तिथे थर्ड कॉर्नेटला खालच्या पट्टीत झपाट्याचे स्वर दिले आहेत, पुढे बेसना चार बार (तालाची आवर्तने) एका श्वासाइतका लांब, मंद स्वर दिला आहे. अशा जागांपैकी आठ ते दहा निवडा आणि त्यांवर रंगीत खूण करा. या जागांना आम्ही ‘नाकी’ म्हणू. सगळे बँड एकच रचना वाजवतात, पण सगळी रचना सारख्या एकाग्रतेने सोळा वेळा ऐकणे माणसाला जमत नाही. नाकी ठरलेली असली की निदान त्या जागांवर प्रत्येक बँडची गाठ त्याच प्रश्नाशी पडते.

नाकी निवडताना सगळी अवघड जागीच ठेवू नका. दोन तरी सोप्या जागी हवीत : साधी, हळू, सलग कॉर्ड असलेली जागा. अवघड जागी बँडची धाव कळते, सोप्या जागी नाद कळतो. आमच्या मते बँडची खरी प्रत सोप्या जागीच अधिक लवकर उघड होते, कारण तिथे सराव करून झाकायला काही नसते.

लिहिलेली लय मेट्रोनोमवर घेऊन, पाय हलवून अंगात मुरवा. रेकॉर्डिंग ऐकायचे असेल तर एक नको, दोन-तीन वेगवेगळी ऐका आणि शेवटच्या आठवड्यात सगळी बंद करा. एकच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकले की कान तेच ‘बरोबर’ मानू लागतो आणि वेगळा पण प्रामाणिक विचार करणाऱ्या कंडक्टरवर अन्याय होतो. छापील चुकांची यादी प्रकाशकाने दिली असेल तर ती स्कोअरमध्ये उतरवा. नाहीतर बँडने बरोबर वाजवलेला स्वर तुम्ही चूक म्हणून लिहाल.

नियमावलीही आताच वाचा. सोलो दुसऱ्या वाद्यावर वाजवलेला चालतो का, तालवाद्य कमी असल्यास काय, वेळेची मर्यादा आहे का, बरोबरी झाली तर काय. ज्या बँडला तुम्ही गेल्या काही महिन्यांत शिकवले आहे, ज्याच्या सरावाला बसला आहात किंवा ज्यात घरचे कोणी वाजवते, तो या विभागात असेल तर आयोजकांना लेखी कळवून बाजूला व्हा. पडदा आहे म्हणून हरकत नाही, असे समजू नका. ओळखीच्या सोलो वादकाचा नाद पडद्यातूनही ओळखू येतो.

बॉक्समध्ये

मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला 1853 साली स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासूनच्या या परंपरेत परीक्षकाला बँड दिसू नये हा दंडक फार जुना आहे. पण बॉक्स कुठे ठेवला आहे याकडे लक्ष द्यायचे बऱ्याचदा राहून जाते. सकाळी तासभर आधी पोहोचा आणि कोणाला तरी रंगमंचावरून कॉर्नेट आणि बेस, दोन्ही वाजवायला सांगून आत बसून ऐका.

बॉक्स बाल्कनीच्या खाली खोल असेल तर खालचे स्वर घुमतात आणि प्रत्येक बँडचे बेस जड वाटतात. रंगमंचाच्या फार जवळ असेल तर तालवाद्ये सगळ्यांवर चढतात. जाड कापड वरचे ध्वनी खाते, त्यामुळे कॉर्नेटचे टंगिंग (जिभेने स्वर सुरू करणे) बोथट ऐकू येते आणि सगळेच बँड अस्पष्ट वाटू लागतात. पातळ, पलीकडचे दिसणार नाही एवढेच कापड हवे. सभागृहाच्या मध्यावर, थेट आवाज येईल अशी जागा सर्वांत चांगली. जागा बदलता येत नसेल तर निदान दोष ओळखून ठेवा. तो सर्वांना सारखाच लागू आहे.

आत हव्यात : मोठे टेबल, पुरेसा दिवा, स्कोअर, प्रत्येक बँडसाठी शेऱ्यांचे कागद आणि चारपाच जास्तीचे, टोकदार पेन्सिली, घड्याळ, 440 चा ट्यूनिंग फोर्क, पाणी आणि शिट्टी. परीक्षक तयार झाल्याची खूण शिट्टीने देतात. ती दिल्याशिवाय बँड सुरू होत नाही. मागच्या बँडचा शेरा पूर्ण झाल्याशिवाय शिट्टी वाजवू नका. बाहेर घाई असते, पण शेरा अर्धवट सोडला की पुढच्या बँडची पहिली दोन मिनिटे मागच्याच्या विचारात जातात. फोन बाहेर द्या.

वेळेचा हिशेब असा. 12 मिनिटांची रचना आणि मध्ये 6 मिनिटे धरली तर एका बँडला 18 मिनिटे. 16 बँड म्हणजे 288 मिनिटे, पावणेपाच तासांहून थोडे जास्त, तेही विश्रांती न धरता. पाच-सहा बँडनंतर 15 ते 20 मिनिटांची सुट्टी लेखी वेळापत्रकात घालून घ्या. मोठ्या आवाजात तास-दोन तास बसल्यावर कान तात्पुरते मंद होतात, विशेषतः वरच्या ध्वनींना. परिणामी दुपारचे बँड कमी लखलखीत वाटतात आणि दोष त्यांच्या माथी जातो. सुट्टीत शांत बसा. टेस्ट पीसचे रेकॉर्डिंग तर नकोच, गप्पाही बेताच्या.

पहिला बँड

सोडतीत पहिला क्रमांक निघालेला बँड जन्माचा दुर्दैवी मानला जातो, आणि त्यात परीक्षकांचा वाटा असतो. तुलनेला काही नसते म्हणून परीक्षक सावध, मधला आकडा देतात, मग दिवसभर त्या आकड्याला चिकटून राहतात.

यावर उपाय : गुण देण्याआधी गुणांचा अर्थ लिहून ठेवा. 100 पैकी गुण असतील तर उदाहरणार्थ असे : 90 च्या वर, रचनेची सर्व मागणी पुरी करून वर संगीत, 85 ते 89, भक्कम, पण एकदोन नाक्यांवर उणे, 80 ते 84, ठीक, पण सुरेलपणात किंवा एकत्र वाजण्यात सातत्य नाही, त्याखाली, रचना बँडला झेपत नाही. शब्द विभागाप्रमाणे बदला. चौथ्या विभागाला चॅम्पियनशिपची मोजपट्टी लावू नये. पहिल्या बँडला या शब्दांप्रमाणे जिथे बसतो तिथे बसवा, आकडा पेन्सिलने लिहा आणि वर-खाली जागा राहील असे पाहा. पहिल्यालाच 95 देऊन बसलात तर त्याहून सरस ठरणाऱ्या सगळ्यांना पाच गुणांत कोंबावे लागते.

दुसरा उपाय जास्त कामाचा आहे. प्रत्येक बँडसाठी एक छोटे कार्ड करा : क्रमांक, नाक्यांवरच्या आठ-दहा खुणा आणि एक वाक्य. बँड संपला की कार्ड टेबलावरच्या उभ्या रांगेत योग्य जागी सरकवा. इथे आकडा विचारात घेऊ नका. फक्त विचारा : हा बँड या कार्डाच्या वर की खाली? वर असेल तर त्याच्या वरच्याशी तुलना करा. आकडे शेवटी या रांगेवरून येतात. उलटे केले, आकड्यांवरून रांग लावली, तर सकाळचा 84 आणि दुपारचा 84 वेगळे असू शकतात आणि ते तुम्हाला कळतही नाही.

कधी असे होते की ‘3’ हा ‘7’ पेक्षा सरस, ‘7’ हा ‘11’ पेक्षा सरस, पण ‘11’ मात्र ‘3’ पेक्षा सरस वाटतो. हे घडले की थांबा. तुमची मोजपट्टी मधेच बदलली आहे. बहुतेक वेळा एका तुलनेत नाद वरचढ ठरलेला असतो आणि दुसऱ्या तुलनेत अचूकपणा. तिन्ही कार्डांवरच्या नाक्यांच्या खुणा शेजारी ठेवून पुन्हा ठरवा.

नेमके ऐकायचे काय

नाद आधी. पहिल्या आठ बारमध्ये बँडचा नाद ठरतो : भरीव की विखुरलेला, वरून खाली एकसंध की कॉर्नेट एकीकडे आणि बेस दुसरीकडे. आवाज वाढवला की नाद रुंदावतो की फाटतो? खालच्या विभागांत सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. वादक ओठ आवळून हवा ढकलतात, आवाज वाढतो पण गोलाई जाते. अगदी हळू वाजवताना उलटा प्रश्न : स्वर वेळेवर बोलतात का, की हवा पुढे आणि स्वर मागे?

सुरेलपणावर परीक्षक सर्वांत जास्त लिहितात आणि सर्वांत कमी कारणे सांगतात. कारण कळले तर शेरा उपयोगी पडतो, म्हणून इथे थोडे थांबू.

पितळी वाद्याची नळी नैसर्गिक स्वरमालिकेवर चालते. मालिकेतला पाचवा स्वर, म्हणजे कॉर्नेटवर व्हॉल्व्ह (कळ) न दाबता वाजणारा, लिहिलेला वरचा ‘ई’, समान विभागलेल्या पट्टीपेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरता असतो. तोच स्वर मेजर कॉर्डचा थर्ड असेल तर गोड लागतो, कारण शुद्ध थर्ड तिथेच बसतो. पण तो कॉर्डचा फिफ्थ (मूळ स्वरापासूनचा पाचवा) किंवा मूळ स्वर असेल तर उघडउघड उतरता वाटतो. म्हणजे एकाच वादकाचा तोच स्वर एका बारमध्ये बरोबर आणि दुसऱ्यात चूक असू शकतो. ‘सोलो कॉर्नेट बेसूर’ असे लिहिण्याआधी कॉर्ड बघा.

व्हॉल्व्हचे गणितही ध्यानात ठेवा. प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी उघड्या वाद्याच्या लांबीच्या हिशेबाने कापलेली असते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की वाद्य आधीच लांब झालेले असते, त्यामुळे ती जादा लांबी अपुरी पडते आणि सूर चढतो. तिन्ही दाबले तर आणखी चढतो. कॉर्नेटवरचा खालचा ‘डी’ आणि ‘सी शार्प’ यामुळेच चढे लागतात. वादकाने तिसरी स्लाइड पुढे सारून ते सावरायचे असते. सेकंड आणि थर्ड कॉर्नेट या खालच्या पट्टीत सतत वाजतात. तिथे सूर चढत असेल तर स्लाइड वापरली जात नाही, असे बेधडक लिहा. युफोनियम आणि बेसवर चौथा व्हॉल्व्ह आणि भरपाईच्या नळ्या हेच काम करतात.

तापमानही दगा देते. हवा एका अंशाने तापली तर ध्वनीचा वेग इतका वाढतो की सूर सुमारे 3 सेंटनी चढू शकतो. श्वासाने वाद्य आतून गरम राहत असल्याने प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. पण ग्लॉकेनश्पील किंवा झायलोफोन (पट्ट्यांवर ठोकून वाजवायची तालवाद्ये) असा चढत नाही. तापलेल्या सभागृहात बँड आणि ग्लॉकेनश्पील यांच्यात फट दिसली तर ती एका बँडचा दोष म्हणून मोजू नका. सर्वांच्या बाबतीत तशीच आहे का ते पाहा. म्यूट (वाद्याच्या तोंडात घालायचे आवाज दाबणारे बूच) लावल्यावर बऱ्याचदा सूर थोडा चढतो. काढल्या-घातल्यावर बँडने कान दिला का, हे बघण्यासाठी म्यूटनंतरचा पहिला उघडा स्वर चांगले नाके आहे.

सोप्रानो कॉर्नेट सगळ्यांच्या वर एकटा असतो. त्याचे चुकलेले सर्वांना ऐकू जाते आणि त्याचे बरोबर असलेले बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो चढा वाटला तर आधी खालच्या कॉर्नेटकडे कान द्या. कित्येकदा खालचा थर उतरलेला असतो.

एकत्र वाजण्याबद्दल : स्वर एकाच क्षणी उठतात का आणि एकाच क्षणी संपतात का? सुरुवातीकडे सगळे बघतात, शेवट मात्र सुटतो. लांब नळीच्या बेसचा स्वर उमलायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून बेस वादकाने किंचित आधी हवा सोडायला हवी. तसे झाले नाही की ठेका मागे ओढला जातो आणि कॉर्नेट पुढे पळताहेत असा भास होतो. दोष कोणाचा हे ओळखायचे असेल तर पाय लयीला धरून ठेवा. पायाच्या मागे कोण पडतो ते लगेच समजते. त्याचप्रमाणे फक्त टेनर हॉर्न आणि बॅरिटोनकडे कान लावून एक पूर्ण परिच्छेद ऐका. हा मधला थर बँडचा कणा असतो. मधला थर गायब असेल तर कॉर्नेट-बेस कितीही चमकले तरी समतोल नाही.

लय कमी घेतली म्हणून गुण कापावेत का? स्कोअरमध्ये मिनिटाला 144 ठोके लिहिले आहेत आणि बँड 132 ने वाजवतो, तर प्रश्न इतकाच की त्या जागेचा स्वभाव टिकला का. टिकला असेल आणि प्रत्येक स्वर स्पष्ट असेल, तर 144 ने धावून चिखल करणाऱ्या बँडपेक्षा तो वर. मात्र नाचरी जागा रांगू लागली असेल तर स्वच्छतेने ती भरून निघत नाही.

तालवाद्यांत टिंपनीचा सूर बँडशी जुळतो का आणि स्नेअर ड्रमचा आवाज सभागृहाच्या घुमण्याने वाढला आहे का, एवढे पाहा.

आता तडकलेल्या, म्हणजे नेमके न लागता फुटलेल्या स्वरांबद्दल. एकही तडा न जाता पंचवीस जणांनी बारा मिनिटे वाजवणे दुर्मीळ आहे. तडे मोजत बसलात तर घाबरत, आखडून वाजवणारा बँड जिंकेल. तडा दिसला की विचारा : हा अपघात की लक्षण? सोलो युफोनियमचा एक उंच स्वर निसटला पण पुढचा वाक्यांश मोकळा आणि सुरेल आला, तर तो अपघात. पेन्सिलची बारीक खूण करा आणि पुढे जा. प्रत्येक मोठ्या आवाजाच्या सुरुवातीला एखादा तडा येत असेल तर बँडची हवा आणि तयारी कमी पडते आहे. ते लिहा आणि मोजा. तसेच एकट्या वादकाची चूक आणि सगळ्या बँडची कमजोरी यांत दुसरीला जास्त वजन हवे. स्पर्धा बँडची आहे.

शेवटी संगीत. वाक्यांशाला दिशा आहे का, हळू भागात काही सांगितले जाते आहे का, शेवटच्या उंचीपर्यंत जाताना शक्ती राखून ठेवली का. हे मोजता येत नाही, पण दोन बँड तांत्रिकदृष्ट्या सारखे असतील तेव्हा निकाल इथेच लागतो आणि लागावा.

शेरा

शेरा बँड वाजत असतानाच लिहायचा असतो. 12 मिनिटांत 200 ते 250 शब्द होतात. जागा नेहमी सरावाच्या अक्षराने (स्कोअरवर छापलेल्या ए, बी, सी अशा खुणेने) किंवा बार क्रमांकाने सांगा, म्हणजे मंगळवारच्या सरावाला कंडक्टर ती उघडून दाखवू शकेल. ‘सूर सांभाळा’ हा शेरा निरुपयोगी आहे. ‘अक्षर डी नंतर चौथ्या बारमध्ये फर्स्ट बॅरिटोन युफोनियमपेक्षा चढा, दोघे एकाच स्वरावर असल्याने उघडे पडते’ हा उपयोगाचा.

मान खाली घालून लिहिताना पुढचे चार बार ऐकू येत नाहीत. हे टाळायला नाक्यांच्या मध्ये, सोप्या ओघात लिहा आणि नाके आले की पेन्सिल खाली ठेवा. चांगले झाले ते झाले त्या क्षणीच लिहा. शेवटी आठवून लिहिलेली स्तुती पोकळ वाटते. शेरा आणि क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत : कागदभर कौतुक आणि बारावा क्रमांक मिळालेल्या बँडला परीक्षकाने आपल्याला ऐकलेच नाही असे वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. शेवटच्या दोन ओळींत या बँडने पुढच्या वर्षी सर्वांत आधी कशावर काम करावे ते एकच सांगा.

भाषा साधी आणि माणसाला धरून. सोळा वर्षांची मुलगी पहिल्यांदा सोलो वाजवते आहे हे तुम्हाला पडद्याआडून दिसत नाही, पण ती तो कागद वाचणार आहे.

दोघांचा एक निकाल

बहुतेक ठिकाणी परीक्षक दोन असतात. दिवसभर एकमेकांशी बँडबद्दल बोलू नका, चेहऱ्यावरही काही दाखवू नका. सगळे बँड झाल्यावर दोघांनी आपापली पूर्ण रांग लिहून टेबलावर ठेवावी, मगच बोलावे. आधी जो बोलतो त्याचे मत दुसऱ्यावर बसते.

जुळलेली कार्डे बाजूला करा. जिथे चारपेक्षा जास्त जागांचा फरक आहे, तिथे सरासरी काढू नका. एकाने पहिला दिला, दुसऱ्याने सातवा, आणि बँड चौथा झाला, तर तो दोघांपैकी कोणालाच मान्य नसलेला निकाल होतो. नाक्यांच्या खुणा काढा. बहुधा सापडते की एकाने हळू भागाला जास्त वजन दिले होते. सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्यामधल्या रेषेवर द्या, कारण तिथे एका बँडचा पुढचा प्रवास थांबतो. मग तळाच्या रेषेवर. उत्कृष्ट सोलो वादक किंवा उत्कृष्ट बेस गट अशी वेगळी पारितोषिके असतील तर त्यांच्या नोंदी दिवसभर वेगळ्या कागदावर ठेवा. संध्याकाळी आठवणीवर सोडल्यास शेवटच्या तीन बँडमधलाच कोणीतरी निवडला जातो.

निकालाआधी रंगमंचावर दोन मिनिटे बोलायला बोलावतात. रचना कशाची परीक्षा घेत होती आणि एकूण विभागात काय चांगले, काय उणे होते एवढेच बोला. ‘एका बँडने तर’ अशी सुरुवात करू नका. सभागृहातल्या प्रत्येक बँडला तो आपणच असे वाटते.

निकालपत्रावर सही करण्याआधी एकाने क्रमांक मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने कार्डाशी ताडून पाहावेत. 6 आणि 9 या आकड्यांखाली रेघ ओढा. प्रत्येक शेऱ्याच्या प्रत्येक पानावर सोडतीचा क्रमांक आणि सही आहे का ते बघा, कारण लिफाफ्यात कागद भरताना पाने सुटी होतात. क्रमांकाला बँडचे नाव जोडणे हे आयोजकांचे काम, ते त्यांच्याकडेच राहू द्या. कार्डे मात्र घरी न्या आणि महिनाभर जपून ठेवा. एखाद्या कंडक्टरने रीतसर विचारलेच, तर उत्तर त्या नाक्यांच्या खुणांवरूनच द्या.